पंच पक्षपाती कीं खेळ दांडगा ?

गड्ड्याची यात्रा जवळ आली आणि सकाळच्या हवेंत गारवा भरला, कीं आमच्या सोलापुरांत शाळाशाळांच्या सामन्यांना रंग चढतो. यंदाही तो चढला. आणि दरवर्षींप्रमाणें यंदाही सामन्यांबरोबर एक जुनी तक्रार उगवली. फुटबॉलच्या एका सामन्यांत परक्या मैदानावर आमचा संघ हरला. परत येतांना हरण्याचें दुःख कोणी फारसें बोलून दाखविलें नाहीं. बोलणें चाललें होतें तें पंचांविषयीं. आमच्यांतील एका विद्यार्थ्यानें सामना चालूं असतां वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक फ्री किकची रेघ ओढली होती. आमच्याविरुद्ध दिलेल्या फ्री किका प्रतिपक्षाविरुद्ध दिलेल्या फ्री किकांच्या तिपटीहून अधिक भरल्या. वही ह्या हातांतून त्या हातांत गेली, आणि शाळेच्या फाटकाशीं पोहोंचेपर्यंत निकाल लागूनही गेला : पंच पक्षपाती होते. दुसऱ्या दिवशीं संघनायकानें तक्रारीचा अर्ज लिहून काढला.

तो अर्ज आमच्या हातीं आला तेव्हां ह्या विषयावर चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें. सामना हरणें ही लहान गोष्ट आहे. पुढल्या वर्षीं तो जिंकतां येतो. परंतु एखाद्या गृहस्थानें जाणूनबुजून अन्याय केला असें लेखी म्हणणें ही लहान गोष्ट नव्हे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देणें हें पाप आहे असें ज्या शाळेंत लहानपणापासून शिकविलें जातें, तेथील मुलांनीं तरी असें वाक्य लिहिण्यापूर्वीं लेखणी क्षणभर थांबविली पाहिजे. उलटपक्षीं, खरोखरच अन्याय झाला असेल तर खिलाडूपणाच्या नांवाखालीं तो मुकाट्यानें गिळणें हाही कांहीं सद्गुण नव्हे. म्हणून प्रश्न सरळ विचारला पाहिजे : फ्री किकांचा असा विषम आंकडा संघाच्या खेळण्याच्या रीतीमुळें होतो कीं पंचांच्या कलामुळें ?

प्रथम नुसता आंकडा काय बोलतो व काय बोलत नाहीं तें पाहूं. फुटबॉलच्या नियमांप्रमाणें प्रतिपक्षाच्या खेळाडूस लाथ मारणें, पाय घालून पाडणें, ढकलणें, धरून ठेवणें, चेंडूस मुद्दाम हात लावणें, अशा कृत्यांबद्दल फ्री किक मिळते. ऑफसाइडबद्दलही ती मिळते. फरक इतकाच कीं तीवरून एकदम गोल करतां येत नाहीं. अंगाला अंग भिडून होणारे ह्यांतील बहुतेक गुन्हे कोणाच्या हातून घडतात ? ज्याच्या पायाशीं चेंडू आहे त्याच्या हातून क्वचित्. ज्याला तो हिसकावून घ्यावयाचा आहे त्याच्या हातून नेहमीं. म्हणजे जो संघ सामन्याचा बराच वेळ चेंडूच्या मागें धांवत राहतो, त्याच्या नांवावर फ्री किका अधिक चढणार हें उघड आहे. चेंडू लांब लाथाडून त्यामागें धांवणारा संघ आणि लहान लहान पासांनीं चेंडू आपल्याकडेच राखणारा संघ ह्यांची गांठ पडली, तर पहिल्याच्या वांट्यास शिट्ट्या अधिक येतील. गोल फेडण्याची घाई लागलेला संघ शेवटच्या दहा मिनिटांत दमलेला असतो. त्याचा पाय चेंडूवर उशिरां पोहोंचतो, आणि उशिरां आलेला पाय चेंडूऐवजीं दुसऱ्याच्या घोट्यावर बसतो. आणखी एक गोष्ट. गुन्हा घडूनही ज्याच्यावर तो घडला त्याच्याच संघाचा फायदा होत असेल, तर शिट्टी न वाजवितां खेळ पुढें चालूं देण्याची मुभा नियमांनींच पंचांस दिली आहे. असा गुन्हा पाहणाऱ्याच्या वहींत उतरतच नाहीं. सारांश, शिट्ट्यांची संख्या म्हणजे गुन्ह्यांची संख्या नव्हे, आणि अन्यायांची तर नव्हेच नव्हे.

आमच्या मातींतला खो-खो घ्या. त्यांत फाउलची शिट्टी जवळजवळ सर्वस्वीं पाठलाग करणाऱ्यांवरच वाजते : खो मिळण्यापूर्वींच उठला, मधली रेषा ओलांडली, घेतलेली दिशा सोडून उलटा फिरला. पळणाऱ्यास ह्या गुन्ह्यांची संधीच नसते. म्हणून एकाच पाळींतील शिट्ट्या कोणी मोजल्या, तर त्या बहुतेक सर्व एकाच संघाविरुद्ध भरतील. तरी त्यावरून पंचांस कोणी दोष देत नाहीं, कारण पुढच्या पाळींत पाठलाग करणारे पळणारे होतील हें सर्वांस ठाऊक असतें. फुटबॉलांत अशा पाळ्या नाहींत. तेथें एखादा संघ सबंध सामनाभर पाठलागच करीत राहूं शकतो, आणि आपण पाठलाग करीत आहों हें त्याच्या ध्यानींही येत नाहीं.

शिवाय योगायोगाचाही हिशेब ठेवला पाहिजे. एक नाणें २० वेळां उडवावें, आणि छाप किती व कांटा किती हें मांडून ठेवावें. १४ विरुद्ध ६, किंवा त्याहूनही विषम, अशी वांटणी सरासरीनें सुमारें नऊ खेपांतून एकदां नुसत्या योगायोगानें पडते. हें गणित वरच्या वर्गांतील कोणाही विद्यार्थ्यानें करून पाहावें. नाण्यास कोणत्याही शाळेचा अभिमान नसतो. आमच्या वहींतील वांटणी ह्याहून विषम होती हें खरें. पण एका सामन्याचा आंकडा किती थोडें सिद्ध करूं शकतो हें ह्यावरून समजावें.

मग पक्षपात ओळखावा तरी कसा ? ह्याचें उत्तर आमच्या गांवच्या विणकरास विचारावें. चादर विणतांना दोष दिसूं लागला, तर तो सुताचा कीं मागाचा हें नुसत्या चादरीकडे पाहून ठरवितां येत नाहीं. तेंच सूत दुसऱ्या मागावर चढविलें आणि दोष तसाच राहिला, तर सूत वाईट; दोष नाहींसा झाला, तर पहिला माग तपासला पाहिजे. खेळांत संघ हें सूत आणि पंच हा माग. पंच बदलून पाहिल्यावांचून, आणि तेही एकदां नव्हे तर पुष्कळदां, दोष कोणाचा हें सांगणारा मनुष्य अंदाज बोलत असतो.

असा प्रयोग खेळाच्या जगांत मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे, आणि तो क्रिकेटमध्यें. क्रिकेटमध्यें फ्री किक नाहीं. परंतु फलंदाज पायचीत झाला कीं नाहीं हा निर्णय तसाच पंचांच्या नजरेवर अवलंबून असणारा आहे. १९२६ सालीं आमच्याच सोलापुरांत जन्मलेले पॉली उम्रीगर १९४८ ते १९६२ पर्यंत ५९ कसोटी सामने खेळले. त्या काळीं कसोटी सामन्याचे दोन्ही पंच यजमान देशाचे असत, आणि तीच चाल पुढेंही पुष्कळ वर्षें चालली. पाहुणा संघ हरला कीं तो पंचांच्या नांवानें खडे फोडी. यजमान म्हणत, आमचे गोलंदाज यष्ट्यांच्या रोखानें चेंडू टाकतात आणि तुमच्या फलंदाजांस आमच्या खेळपट्टीची संवय नाहीं, मग पायचीत तुम्हीच अधिक होणार. दोन्ही म्हणणीं संभवनीय होतीं. वाद सुटत नव्हता, कारण माग एकच होता.

माग बदलण्याच्या कामीं एका मुंबईकराचें नांव निघतें हें वाचकांस आवडेल. नोव्हेंबर १९८६ मध्यें लाहोर येथें पाकिस्तान व वेस्ट इंडीज ह्यांचा कसोटी सामना झाला, त्यास मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि त्यांचे सहकारी व्ही. के. रामस्वामी हे दोन भारतीय पंच होते. पाकिस्तानचे नायक इम्रान खान ह्यांनीं तटस्थ पंचांचा कैवार घेतला होता. त्या सामन्यांत यजमान पाकिस्तानचाच एक डाव व १० धावांनीं पराभव झाला. तरी तटस्थ पंचांची कल्पना त्यांनीं टाकून दिली नाहीं. पुढें १९९४ पासून प्रत्येक कसोटी सामन्यास एक पंच तिऱ्हाईत देशाचा असावा असें ठरलें, आणि २००२ पासून दोन्ही पंच तिऱ्हाईत नेमूं लागले. म्हणजे तेच देश, तीच मैदानें, तशाच खेळपट्ट्या, पण पंच निराळे. विद्वानांनीं १९८६ ते २०१२ ह्या काळांतील १००० कसोटी सामने घेऊन पायचीताचे निर्णय तपासले. दोन्ही पंच यजमान देशाचे असत तेव्हां पाहुणे अधिक प्रमाणांत पायचीत दिले जात. एक पंच तिऱ्हाईत झाला तेव्हां हा भेद कमी झाला. दोन्ही तिऱ्हाईत झाले तेव्हां तो जवळजवळ राहिलाच नाहीं. दोष खेळपट्टींत असता तर पंच बदलल्यानें तो गेला नसता. तेव्हां पंचांचा कल ही नुसती हरलेल्यांची कल्पना नव्हे, हें आम्हांस मान्य केलें पाहिजे. मात्र तो सिद्ध होण्यास एक हजार सामने मोजावे लागले. आमच्या वहींत एकच होता.

परंतु कल म्हणजे लबाडी नव्हे. येथेंच आमच्या मुलांची मोठी चूक होते. इंग्लंडमधील कांहीं संशोधकांनीं एक प्रयोग केला, तो २००२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं ४० अधिकृत पंचांस फुटबॉलच्या एका सामन्यांतील ४७ झटापटींचें चित्रण दाखविलें आणि प्रत्येकीचा निर्णय विचारला. कांहीं पंचांस प्रेक्षकांचा गलबला ऐकूं येत होता. कांहींनीं तेंच चित्रण निःशब्द पाहिलें. गलबला ऐकणाऱ्यांनीं यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. ह्या पंचांस कोणी लांच दिली नव्हती. ते मैदानावरही नव्हते, खोलींत बसले होते. तरी कानांत शिरलेल्या आवाजानें त्यांच्या डोळ्यांस वळविलें. पुढें २०२० सालीं महामारीमुळें युरोपांतील सामने रिकाम्या मैदानांवर झाले, तेव्हां पाहुण्या संघांस दाखविल्या जाणाऱ्या पिवळ्या कार्डांचें प्रमाण कमी झालेलें आढळलें. तेव्हां पंच झुकतात हें खरें. पण त्यांस झुकविणारे पुष्कळदां रेषेबाहेर उभे असतात, आणि आपापल्या मैदानावर ते आम्हीच असतों.

इतका विचार झाल्यावर आम्ही ती वही मागवून घेतली, आणि शाळा सुटल्यावर संघास एका वर्गांत बसविलें. वहींत नुसत्या रेघा होत्या. प्रत्येक रेघेस तीन प्रश्न विचारावयाचे ठरलें : कोण, कोठें, आणि कशाबद्दल ? प्रारंभीं मुलें आढेवेढे घेत होतीं. पुढें एकमेकांस आठवण करून देऊं लागलीं. अर्ध्याहून अधिक रेघा आमच्या दोघां बचाव-खेळाडूंच्या नांवें निघाल्या. चेंडू घेऊन पुढें गेलेल्या मुलाच्या पाठीवर मागून हात टेकण्याची त्या दोघांना संवय आहे. ती त्यांनीं स्वतःच कबूल केली, आणि एकानें तर बसल्या जागीं करूनही दाखविली. कांहीं रेघा ऑफसाइडच्या होत्या. त्यांत आमचे पुढचे गडी घाईनें आधींच धांवत सुटले होते. राहिल्या तीन. त्या तिन्हींविषयीं संघाचें म्हणणें असें, कीं आपली चूक नव्हती. आणि त्यांचें वर्णन ऐकून आम्हांसही तसेंच वाटलें. त्यांपैकीं दोन त्या बाजूच्या रेषेजवळ घडल्या, जेथें यजमान शाळेचे विद्यार्थी ओळीनें उभे राहून ओरडत होते. पंचही त्याच शाळेचे शिक्षक होते. एवढ्यावरून कांहीं सिद्ध होत नाहीं. पण मनांत शंका राहते, आणि ती आम्ही लपवूं इच्छीत नाहीं.

तेथें बसलेल्या आमच्या व्यायामशिक्षकांनीं मग वही लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास विचारलें, “बाळ, गेल्या महिन्यांत आपल्या मैदानावर आपण जिंकलों, त्या सामन्याची वही कोठें आहे ?” मुलानें खालीं पाहिलें. त्या सामन्याची वही कोणी ठेवली नव्हती. त्या दिवशीं पंच आमचेच हे शिक्षक होते, आणि रेषेवर ओरडणारे आम्ही होतों. वर्गांत थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं शिक्षकच म्हणाले, “मीं त्या दिवशीं मुद्दाम कांहीं केलें नाहीं. पण पाहुण्यांच्या वहींत माझें काय लिहिलें आहे, तें मला ठाऊक नाहीं.”

आमच्या मतें ह्या प्रश्नाचें मर्म त्या न लिहिलेल्या वहींत आहे. जिंकल्या दिवशीं जो मोजीत नाहीं, त्यानें हरल्या दिवशीं मोजलेलें पुरावा म्हणून मांडूं नये. पंचांचा पक्षपात शोधावयास निघालेल्या मनुष्यानें प्रथम आपल्या मोजण्यांतला पक्षपात काढून टाकला पाहिजे. नाहींतर दोन पक्षपातांची गांठ पडते आणि सत्य दोघांच्याही हातीं लागत नाहीं.

म्हणून आमचें मत आम्ही स्पष्ट लिहितों. आमच्याविरुद्ध जो आंकडा भरला त्याचा फार मोठा भाग आमच्या खेळाच्या दांडगेपणाचा आहे. तो अर्ज लिहून जाणार नाहीं, सराव करून जाईल. राहिलेला लहान भाग बहुधा पंचांच्या कलाचा असेल. पण तो कोणा एका गृहस्थाच्या दुष्टपणाचा नसून व्यवस्थेचा आहे. यजमान शाळेनेंच पंच द्यावयाचा, आणि तिच्याच मुलांनीं त्याच्या कानाशीं ओरडावयाचें, अशी व्यवस्था असतां साधुपुरुष जरी उभा केला तरी तो थोडाफार झुकेल. मग शिक्षकांस, ज्यांस दुसऱ्या दिवशीं त्याच मुलांसमोर फळ्यापाशीं उभें राहावयाचें असतें, आपण कोणत्या कसोटीस लावतों ? दोष मनुष्यावर ठेवणें सोपें असतें, कारण त्यास तोंड असतें. व्यवस्थेस तोंड नसतें, म्हणून ती निर्दोष सुटते.

कोणी म्हणेल, ही सर्व पराभवाची सारवासारव आहे; बलवान शाळा असेंच बोलून दुबळ्या शाळांस गप्प बसवितात. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. आमच्या संघनायकानेंही तो निराळ्या शब्दांत घेतला : “अर्ज मागें घेतला तर आपण भ्यालों असें म्हणतील.” आम्ही त्यास सांगितलें, कीं अर्ज मागें घेऊं नको, अर्ज बदल. पहिल्या अर्जांत एका मनुष्याचा दोष होता आणि मागणी कांहींच नव्हती. दुसऱ्यांत कोणाचा दोष नसावा, आणि मागणी असावी.

तो दुसरा अर्ज आतां गेला आहे. त्यांत तीन गोष्टी आहेत. पहिली, शालेय सामन्यांस पंच नेहमीं तिसऱ्या शाळेचा असावा. दुसरी, दोन्ही संघांच्या फ्री किकांची नोंद, कोण, कोठें व कशाबद्दल ह्यासह, एका तिऱ्हाईत विद्यार्थ्यानें ठेवावी, आणि वर्षाच्या शेवटीं सर्व सामन्यांच्या वह्या एकत्र पाहाव्या. म्हणजे तोच संघ निरनिराळ्या पंचांपुढें आणि तोच पंच निरनिराळ्या संघांपुढें कसा दिसतो हें कळेल. तिसरी, प्रेक्षक रेषेपासून दहा पावलें मागें बसवावे. अर्जाच्या शेवटीं संघनायकानें आपल्या मनानें एक वाक्य घातलें : ह्या नियमांचा आरंभ आमच्या मैदानावरील सामन्यांपासून करावा. हें वाक्य आम्ही सुचविलें नव्हतें, आणि त्याचाच आम्हांस अधिक आनंद वाटतो.

उत्तर काय येईल तें येवो. दरम्यान आमच्या त्या दोघां बचाव-खेळाडूंस व्यायामशिक्षकांनीं एक नवा सराव लावून दिला आहे. दोघेही हातांत रुमालाचीं टोकें घट्ट धरून खेळतात, म्हणजे प्रतिपक्षाच्या पाठीवर टेकावयास हात मोकळाच राहूं नये. मैदानाच्या कडेला उभीं असलेलीं लहान मुलें हंसतात; ते दोघे हंसत नाहींत. पुढल्या वर्षींच्या सामन्यांत शिट्टी पुन्हां आमच्याचविरुद्ध वाजली, तर निदान त्या दिवशीं आम्हांस खऱ्या मनानें विचारतां येईल कीं ती कां वाजली.